माझं काही म्हणणं नाही

१२ फेब्रुवारी १९३४, सोमवार

एकदाचा नकाशा लागला. नगरपालिकेच्या दर्शनी खिडकीत, चांगला रंगवलेला. पाव आणायला निघाले होते, ती तिथेच खिळून राहिले.

आजोबांच्या काळात आगबोटीच्या धक्क्यापासून प्रोमनेड, म्हणजे समुद्राकाठचा फिरायचा रस्ता, बांधायला घेतलं आणि चर्चपाशी येऊन ते जे थांबलं ते थांबलंच. चर्चच्या अलीकडे बाकं, दिवे, बँडचा चौथरा. पलीकडे शोअर रोच्या घररांगेतले आम्ही, गोटे आणि शेवाळ. आता ते प्रोमनेड आमच्या दारावरून थेट ओढ्यापर्यंत जाणार. दगडी भिंत, लोखंडी कठडा, आणि भिंतीच्या आत समुद्राच्या पाण्याचा पोहण्याचा तलाव. चित्रात बायकांच्या हातात उन्हाच्या छत्र्या आहेत. पोर्टलेननमध्ये उन्हासाठी कोणी छत्री उघडल्याचं मला तरी आठवत नाही, पण चित्राला शोभतात. आमचं घरही आहे, एवढंसं, धुराड्यासकट.

पन्नाशी उलटली माझी. जन्म या घरात झाला आणि लग्न झाल्यावर नवरा, ड्यूगलही, इथेच राहायला आला. दार उघडलं की काय दिसतं? गोटे, डांबराचा डबा, दोरखंडं आणि ड्यूगलच्या भाड्याने द्यायच्या होड्या. खाडीच्या पलीकडच्या तीरावर तलाव झाल्यापासून ग्लासगोचे निम्मे पाहुणे तिकडे वळले. जे येतात ते आल्या आल्या बुटाला डांबर लागलं म्हणून नाक मुरडतात. आपल्याकडेही चार लोकांसारखं काही होऊ दे की.

रात्री जेवताना ड्यूगलला सगळं रंगवून सांगितलं. त्याने हेरिंग माशाचा काटा सोडवला, ताटाच्या कडेला नीट ठेवला आणि विचारलं, “होड्या कुठे काढल्यात?”

“कुठल्या होड्या?”

“माझ्या. नकाशात.”

मी पाहिलंच नव्हतं. उद्या बघते म्हटलं.

१३ फेब्रुवारी

होड्या नाहीत. तो होड्या ओढून ठेवतो तिथे तलावाची उथळ बाजू आहे.

२४ फेब्रुवारी, शनिवार

पर्डीबाई चहाला आल्या होत्या. आमच्या दोघींच्या घराची भिंत एकच, त्यामुळे त्यांना बातमी सांगावी लागत नाही, फक्त तपशील पुरवावा लागतो.

“ड्यूगल काय म्हणतो गं?”

“काय म्हणणार? ऐकतो.”

“आमचे हेसुद्धा ऐकायचे. मी पियानो घेतला तेव्हा म्हणाले, माझं काही म्हणणं नाही. मग वारले तोपर्यंत त्या खोलीत बसले नाहीत.” आणि स्वतःच हसायला लागल्या.

मीही हसले. आमच्या गावची माणसं अशीच. जेवण अगदी मनासारखं झालं तर ‘वाईट नाही’ म्हणतील. पाद्रीबुवांचं प्रवचन रटाळ झालं तर ‘आज थंडी होती चर्चमध्ये’ म्हणतील. माझे वडील कुंपणाच्या भांडणात शेजाऱ्याला ‘तुमचं तुम्ही बघा’ एवढंच म्हणाले आणि पुढे मरेपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत. बाहेरून येणाऱ्याला यातलं ओ की ठो कळत नाही. एडिंबरोहून आलेला तो नवा इंजिनियर तर बिचारा सगळ्यांना दोनदोनदा विचारतो.

८ मार्च, गुरुवार

आज सभागृहात हरकतींची सुनावणी झाली. मी निळी हॅट घातली होती.

नगराध्यक्ष रँकिनसाहेब छान बोलले. गाव पुढे जायचं तर किनारा पुढे जायला हवा, असं काहीसं. मग इंजिनियर उठला. होड्यांच्या जागेवर ड्यूगलच्या बापापासूनची वहिवाट आहे, म्हणून त्याचा हक्क लागतो, तेव्हा त्याची हरकत असेल तर भिंतीत उतार सोडून होड्यांना वाट ठेवावी लागेल, म्हणाला. तलाव मग थोडा लहान होईल आणि काम एक वर्ष लांबेल. रँकिनसाहेबांचं तोंड जरा आंबट झालं, पण त्यांनी विचारलं.

“ड्यूगल गॅलब्रेथ. तुमची काही हरकत?”

ड्यूगल उठला. बोलायच्या आधी त्याने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. हॅटला काही लागलंय की काय म्हणून मी हात लावून बघितला. मग तो म्हणाला, “माझं काही म्हणणं नाही.”

मागच्या बाकांवर माना वळल्या. इंजिनियर खुशीत कारकुनाला म्हणाला, “हरकत नाही, असं लिहा.” कारकून आमच्या गावचाच. तो क्षणभर टाक धरून बसला, आणि मग त्याने लिहिलं.

इतकं सरळ पार पडेल असं वाटलं नव्हतं. बाहेर आल्यावर मी ड्यूगलचा हात धरला आणि म्हटलं, “किती समजूतदारपणे बोललास.” तो म्हणाला, “वारा फिरलाय.” आणि होड्या बघायला गेला.

९ मार्च

पर्डीबाई कुंपणापाशी थांबल्या होत्या. “एफी, अगं तो ‘काही म्हणणं नाही’ म्हणाला. सगळ्यांसमोर.”

“मग? नसेल म्हणणं.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि कपडे वाळत घालायला लागल्या. लोकांना दुसऱ्याच्या घरात कुरबुर असली की बरं वाटतं. त्यांच्या नवऱ्याची गोष्ट वेगळी. ड्यूगलला काही म्हणायचं असतं तर तो मला म्हणाला असता. तीस वर्षं झाली लग्नाला.

१४ जुलै, शनिवार

फेअरची सुट्टी लागली. ग्लासगोचे कारखाने बंद, आणि सगळं शहर आगबोटींतून आमच्याकडे. दर वर्षीप्रमाणे आम्ही पुढचं घर पाहुण्यांना देऊन परसातल्या खोलीत आलोय. खोली कसली, एक चूल, एक खाट आणि कपडे धुवायचं मोठं घंगाळ. लहानपणापासून प्रत्येक उन्हाळा मी इथे काढलाय. आई म्हणायची, आपण आपल्याच घराच्या मागे भाडेकरू.

तीन कुटुंबं आहेत. प्रत्येकाने आपापले बटाटे आणलेत. मी ते वेगवेगळ्या जाळीच्या पिशव्यांत घालून एकाच भांड्यात उकडते. पिशवीला ज्याची त्याची खूण. टॉल्मीबाईंना तरीही दर वर्षी वाटतं की त्यांचा एक बटाटा दुसऱ्याच्या ताटात गेला.

टॉल्मी स्वतः भला माणूस. वर्षभर जहाजांच्या कारखान्यात रिवेट ठोकून त्याला कमी ऐकू येतं. आल्या आल्या बूट न काढता गोट्यांवर गेला आणि ड्यूगलच्या शेजारी उभा राहिला. दोघं ‘एफी’ नावाची होडी घेऊन बांगडे पकडायला गेले. ड्यूगलच्या सगळ्या होड्यांना बायकांची नावं आहेत. त्याला नकार दिलेल्या पोरींची नावं, असं मी पूर्वी चिडवायचे. माझ्या नावाची होडी सगळ्यांत गळकी. “ती का ठेवलीस मग?” असं मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाला होता, “तिच्याकडे रोज बघावं लागतं.”

संध्याकाळी मी चुलीपाशी असताना टॉल्मी त्याला ओरडून विचारत होता, त्याला वाटतं हळूच विचारतोय. “पुढच्या वर्षी कुठून निघायचं रे?”

ड्यूगलचं उत्तर ऐकू आलं नाही. टॉल्मी नंतर बराच वेळ पाण्याकडे बघत बसला. सुट्टीचा पहिलाच दिवस, थकला असेल.

९ ऑक्टोबर, मंगळवार

काम सुरू झालं. वाफेचं यंत्र, दगडांच्या गाड्या, माणसं. उत्तरेकडच्या एका तळ्याकाठच्या हॉटेलाने होड्या घेतल्या. गाडीवर उलट्या चढवताना ड्यूगलने एकेक स्वतः बांधली. शेवटी एक उरली. हॉटेलवाल्याने तिचा तळ ठोकून बघितला आणि नको म्हणाला.

‘एफी’ आता परसात, खोलीच्या भिंतीला टेकून उलटी ठेवलीय. कपड्यांची दोरी मला सरकवावी लागली. मी म्हटलं, “लाकूड म्हणून जाळायला होईल हिवाळ्यात.” हसावं म्हणून म्हटलं होतं. तो हसला नाही.

रँकिनसाहेबांनी शब्द पाळला. तलाव झाला की ड्यूगल तिथे देखरेखीला. नगरपालिकेची नोकरी, वर बिल्ल्याची टोपी.

२ फेब्रुवारी १९३५, शनिवार

झोप येत नाही. आधी वाटलं चहा जास्त झाला.

मग लक्षात आलं. गोटे वाजत नाहीत. लाट परत जाताना गोटे खाली घरंगळायचे, सगळे मिळून, सावकाश, जणू कोणी मोठ्या परातीत वाटाणे हलवतंय. जन्मल्यापासून त्यावर झोपलेय मी. आता भिंत झाली. लाट येते, धाडकन आपटते आणि गप्प होते, आणि मी पुढच्या धाडकनची वाट बघत पडून राहते.

ड्यूगलला विचारलं, “तुलाही झोप नाही?” तो म्हणाला, “लागेल सवय.” म्हणजे किती दिवस जागा आहे हा, कोण जाणे.

१ जून, शनिवार

तलावाचं उद्घाटन. बँड, पताका, रँकिनसाहेबांची सोन्याची साखळी. पाणी इतकं गार की ग्लासगोच्या जलतरणपटूंनी उडी मारल्यावर त्यांच्या तोंडून निघालेला शब्द पाद्रीबुवांनी ऐकला नसल्याचं सोंग आणलं. माझ्या दारासमोर बाक, दिवा, कठडा, सगळं नकाशात होतं तसं. मी हरखून जायला हवं होतं. गेलेही, थोडा वेळ.

ड्यूगल टोपी घालून उथळ बाजूला उभा होता. हातात लांब काठी, टोकाला आकडा, कोणी गटांगळी खाल्ली तर ओढायला. बापापासून जिथे होडी ढकलायचा त्याच जागी. पाणी त्याच्या गुडघ्याएवढं.

“टोपी शोभते तुला,” मी म्हटलं.

“वाईट नाही,” तो म्हणाला. मला बरं वाटलं, कारण आमच्याकडे याहून जास्त कोणी म्हणत नाही. पण त्याने ती टोपी काढून आतला अस्तराचा भाग बघितला, पुन्हा घातली, आणि वाईट नाही हे तो अस्तराबद्दल म्हणाला की काय, असं वाटून गेलं.

१६ जुलै, मंगळवार

टॉल्मी आले, पण एकाच आठवड्यासाठी. टॉल्मीबाई म्हणाल्या, पुढच्या वर्षी भाचीकडे जायचं घाटतंय. टॉल्मी रोज तलावापाशी येऊन ड्यूगलच्या शेजारी उभा राहतो. दोघं मिळून पाण्याकडे बघतात. त्या पाण्यात बघण्यासारखं काय आहे, तळाच्या पांढऱ्या फरशा दिसतात.

आज टॉल्मीबाईंच्या पिशवीत एक बटाटा जास्त निघाला. त्यांनी तो मला परत आणून दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि मला उगाच रडू आलं.

१८ नोव्हेंबर, सोमवार

खिडकीत नवा नकाशा.

तलावाला इतके लोक आले की मोटारबसना उभं राहायला जागा नाही. म्हणून शोअर रो पाडायचा. पूर्ण. तिथे बसचा तळ आणि काचेचं चहाघर. चित्रात पुन्हा त्याच छत्रीवाल्या बायका, या वेळी बसमधून उतरताना. मी आमचं धुराडं शोधलं. सापडलं नाही.

घरी येऊन ड्यूगलला सांगितलं तर त्याने एकच विचारलं, “परसातली खोली?”

“तीसुद्धा.”

त्याने मान हलवली. मला ओरडावंसं वाटलं की माणसा, काहीतरी बोल. नकाशात आपली वस्तू शोधायची आणि ती नसायची, हे कसं असतं ते तुला—

इथेच थांबते. चूल विझतेय.

१० जानेवारी १९३६

हल्ली मीच बोलत असते. भांडी घासताना, इस्त्री करताना. आईने खोलीच्या चौकटीवर माझी उंची खुणावलेली आहे. तिन्ही कुटुंबांच्या बटाट्यांचा वास लाकडात मुरलाय. बदल्यात टेकडीमागे घर देणार म्हणे, तिथून पाणी दिसत नाही. भरती कधी, ओहोटी कधी हे मी काय पोस्टात जाऊन विचारू? असं बडबडत राहते. तो पेपर वाचत असतो. सुनावणीत हे सगळं मुद्देसूद सांगायचं ठरवलंय. घर माझ्या वडिलांनी माझ्या नावावर केलंय, तेव्हा विचारतील ते मलाच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी सभागृहात. तेच सभागृह, तीच धुरकट शेगडी, तोच कारकून. इंजिनियर नवा. मी काळी हॅट घातली होती.

पर्डीबाई माझ्या आधी उठल्या आणि अर्धं वाक्य बोलून रडायला लागल्या. सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. आमच्याकडे कोणी चारचौघांत रडलं की असंच करतात.

“श्रीमती युफेमिया गॅलब्रेथ. तुमची काही हरकत?”

मी उठले. घोकलेलं सगळं तोंडाशी होतं. बोलायच्या आधी मी ड्यूगलकडे पाहिलं. त्याच्या मांडीवर टोपी होती, बिल्ला वर. नगरपालिकेचं अन्न खाणारा माणूस; बायको नगरपालिकेविरुद्ध उभी राहिली तर त्या टोपीचं काय होईल, एवढंच माझ्या मनात आलं. रँकिनसाहेब घड्याळाकडे बघत होते. घोकलेलं सगळं तसंच राहिलं आणि तोंडून एकच वाक्य निघालं.

“माझं काही म्हणणं नाही.”

ते वाक्य मी माझ्याच तोंडून ऐकलं. तेव्हा कुठे मला कळलं की हे वाक्य बोलताना आत काय होतं. पर्डीबाईंना दोन वर्षांपूर्वी कळलं होतं, मागच्या बाकांना कळलं होतं, टाक धरून बसलेल्या कारकुनाला कळलं होतं. मी त्याच्या खांद्याला खांदा लावून बसले होते, आणि मी हॅट चाचपली.

“हरकत नाही, असं—” नव्या इंजिनियरने सुरुवात केली.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. “आहे,” ड्यूगल म्हणाला. “तिचं म्हणणं आहे.”

“ड्यूगल,” रँकिनसाहेब म्हणाले, “विचारलंय तुझ्या बायकोला. आणि तू आमचा नोकर आहेस, हे—”

“ती घरी रोज म्हणते. मी ऐकतो. तुम्ही लिहून घ्या.”

आणि मग तो बोलला. इतकं बोलताना मी त्याला आयुष्यात ऐकलं नव्हतं. चौकटीवरच्या खुणा. लाकडात मुरलेला बटाट्यांचा वास. टेकडीमागून भरती दिसत नाही ते. लाट भिंतीवर आपटते म्हणून ती झोपत नाही, तेही. पेपराआडून त्याने सगळं ऐकलं होतं, माझ्याच शब्दांत, क्रमानेसुद्धा तसंच. स्वतःबद्दल, होड्यांबद्दल अवाक्षर नाही. बोलून झाल्यावर त्याने टोपी रँकिनसाहेबांच्या टेबलावर ठेवली, न आपटता, आणि येऊन बसला.

कारकुनाने सगळं लिहून घेतलं. मग हात वर झाले आणि योजना मंजूर झाली. शोअर रो फेअरनंतर पाडणार.

घरी येताना प्रोमनेडवरून आलो, दुसरी वाट आता नाही. भरती होती. तलावातलं पाणी हिवाळ्यासाठी सोडून दिलंय; उथळ बाजूला शेवाळ धरलंय. ड्यूगल तिथे थांबला, मीही थांबले.

“त्या दिवशी मी उठायला हवं होतं,” मी म्हटलं. “तू बोललास तेव्हा. तुझं म्हणणं आहे म्हणून सांगायला हवं होतं.”

तो कठड्याला हात लावून उभा होता. मग म्हणाला, “गार वारा सुटलाय.”

आजवर असं काही तो म्हणाला की मी शाल घट्ट करायचे आणि चालायला लागायचे. आज मी विचारलं, “गार वारा सुटलाय म्हणजे काय, ड्यूगल?”

त्याने माझ्याकडे पाहिलं, त्या दिवशी सभागृहात पाहिलं होतं तसं.

“म्हणजे हो,” तो म्हणाला. “उठायला हवं होतंस.”